अण्णांना आणखी एक मैफल ऐकवायची आहे. तिकीट काढण्याआधी काय विचारू?

कृष्णाकाठ:

इथे गाणं ऐकणारे आहेत, गाणारे-वाजवणारे आहेत आणि कार्यक्रम करणारेही आहेत, म्हणून विचारते. प्रश्न छोटा आहे, पण काय घडलं ते नीट सांगितल्याशिवाय तो कळायचा नाही. तेव्हा थोडं लांबेल.

माझे वडील, अण्णा, ८२ वर्षांचे आहेत. मूळ मिरजेचे. जन्मभर शाळेत गणित शिकवलं. घरात पेटी होती, अजून आहे. चार माणसांत कधी गायले नाहीत, पण कान असा, की मी स्वयंपाकघरात गुणगुणताना निषाद जरा खाली लागला तरी बाहेरच्या खोलीतून हाक यायची. लहानपणी तंतुवाद्यं बनवणाऱ्यांच्या दुकानांसमोरून ते शाळेला जायचे आणि आज कुठल्या दुकानात तंबोऱ्याची जवारी, म्हणजे तारांखालची घोडी, घासताहेत, ते रस्त्यावरून ओळखायचे. मीरासाहेबांच्या उरुसात अब्दुल करीम खाँसाहेबांच्या स्मरणार्थ दर्ग्यात गाणं होतं, ते त्यांनी कितीतरी वर्षं मांडी घालून ऐकलं. खाँसाहेब १९३७ सालीच गेले, अण्णांचा जन्म त्यानंतरचा, पण त्यांच्याविषयी असे बोलतात की जणू कालच दर्शन घेऊन आले. नोकरीत असताना डिसेंबरात एसटीने पुण्याला सवाई गंधर्व महोत्सवाला जायचे. तेव्हा तो रात्र-रात्र चालायचा. कानटोपी घातलेले अण्णा दारात उभे राहायचे आणि चहा घ्यायच्या आधी आईला सांगायचे, कोण काय गायलं.

दोन वर्षांपासून त्यांच्या दोन्ही कानांना यंत्र आहे. तेव्हापासून बाहेर गाणं ऐकायला जाणं थांबलं होतं. या डिसेंबरात आमच्यापासून अडीच तासांवरच्या शहरात एका मोठ्या गायकाची मैफल ठरली. गायक, शहर, संस्था, कोणाचंच नाव लिहीत नाही आणि कृपया कोणी तर्कही करू नका. या गायकाचा श्री राग अण्णांनी २५ वर्षांपूर्वी एकदा समोर बसून ऐकलाय आणि त्याविषयी ते अजून बोलतात. पत्रिकेवर वेळ होती सायंकाळी साडेपाच. डिसेंबरात सहाच्या सुमाराला सूर्य मावळतो, आणि श्री हा सूर्यास्ताच्या वेळी गायचा राग. पत्रिका वाचून अण्णा म्हणाले, "साडेपाच म्हणजे श्रीच गाणार." मी पंधराशेची दोन तिकिटं काढली, चौथी रांग, मधोमध.

मैदानावर मांडव होता. साडेपाचला आम्ही जागेवर बसलो तेव्हा स्टेजवर फुलवाले माळा बांधत होते आणि एक मुलगा माइकवर "हॅलो, चेक, हॅलो" म्हणत होता. तंबोरे अजून गवसणीतच होते. सव्वासहाला दीपप्रज्वलन झालं. मग स्वागत, प्रास्ताविक, प्रायोजकांचे सत्कार, सत्काराला उत्तर. शाल-श्रीफळ घेणारी माणसं मी मोजली, १४ होती. अण्णा त्या सगळ्या वेळात स्टेजकडे बघतच नव्हते. मांडवाच्या कडेला आभाळाचा एक तुकडा दिसत होता, तिकडे बघत होते. तांबूस होता तो राखाडी झाला, मग काळा. अण्णा म्हणाले, "गेला श्री." एवढंच.

गायक बसले तेव्हा साडेसात वाजून गेले होते. तंबोरे लोकांसमोरच लावले, पाच मिनिटांत, आणि त्या पाच मिनिटांतही निवेदिका माइकवर साथीदारांचा परिचय वाचत होती. यमन सुरू झाला. पहिल्याच आलापाला शिट्टी आली. गायकांनी हात वर केला, म्हणजे माझा आवाज मला वाढवून द्या. मग तबल्याकडे बोट करून हात खाली. मग पुन्हा वर. पहिल्या २० मिनिटांत ११ वेळा. मी मोजत बसले, कारण माझंही लक्ष गाण्यावरून उडालं होतं. बायाचा, म्हणजे डाव्या हाताच्या तबल्याचा, घुमारा एवढा की खुर्चीतून पाठीला जाणवत होता. आणि तंबोरा? दोन मुली मागे बसून छेडत होत्या, बोटं हलताना दिसत होती, पण कानाला काही नाही. चित्रीकरणाचा ड्रोन डोक्यावरून दोनदा फिरून गेला, त्याची घरघर मात्र स्वच्छ ऐकू आली.

विलंबित ख्याल त्यांनी मध्येच आवरता घेतला, असं मला वाटलं. मग द्रुत, मग तबल्याबरोबर सवाल-जवाब आणि टाळ्या, मग अभंगाची फर्माईश. पावणेदहाला विंगेतून कोणीतरी घड्याळ दाखवलं. भैरवी चार मिनिटांत आटपली.

अण्णांनी आठ वाजताच दोन्ही यंत्रं काढून सदऱ्याच्या खिशात ठेवली होती. परत येताना गाडीत बराच वेळ बोलले नाहीत. घाट उतरल्यावर म्हणाले, "वाईट गायला नाही तो. त्याला त्याचा सा ऐकू येत नव्हता. दोन तास शोधत होता."

मला पैशाचं काही नाही. घरी आल्यावर दुसऱ्या दिवशी अण्णांनी मफलर धुतला आणि घडी करून कपाटाच्या अगदी वरच्या कप्प्यात ठेवला. डिसेंबर संपायला अजून दोन आठवडे होते. ते मला फार लागलं. आपण गाणं शेवटचं ऐकलं, असं त्यांनी मनाशी ठरवलेलं मला नको आहे.

म्हणून दोन प्रश्न. असं नेमकं कशामुळे होतं? आणि तिकीट काढण्याआधी मी कोणाला काय विचारलं, तर असं होणार नाही याची थोडी तरी खात्री मिळेल?

फेडर:

ताई, १८ वर्षं साउंड करतो, त्यातली शेवटची १० बहुतेक शास्त्रीयच्याच कार्यक्रमांची. तुमच्या अण्णांनी एका वाक्यात सांगितलं तेच खरं कारण आहे.

तुम्ही मांडवात ऐकता तो एक आवाज आणि गायक स्टेजवर ऐकतो तो दुसरा. त्याच्यासमोर जमिनीवर तिरका स्पीकर असतो, मॉनिटर. त्यात काय किती सोडायचं ते वेगळं जमवावं लागतं. गायकाला त्यात सगळ्यात आधी तंबोरा हवा असतो, कारण त्याचा सा तिथूनच मिळतो, मग स्वतःचा गळा, मग थोडी पेटी. तबला बहुतेकांना नकोच असतो, तो हातभर अंतरावर वाजतोय. हे जमायला तासभर लागतो आणि त्या तासात कलाकार, साथीदार, लावलेले तंबोरे, सगळे आपापल्या जागी बसलेले लागतात. "हॅलो चेक" म्हणून फक्त माइक चालू आहे एवढं कळतं. तुमच्या कार्यक्रमात साउंड चेक झाला, पण तो तिकीट काढलेल्या लोकांसमोर झाला. ते ११ वेळा वर-खाली झालेले हात म्हणजे तोच.

आता शिट्टी. गायक म्हणतो वाढवा, आपण मॉनिटर वाढवतो, मॉनिटरमधला आवाज पुन्हा माइकमध्ये शिरतो, तो पुन्हा स्पीकरमधून बाहेर येतो आणि असा गोल फिरत वाढत जातो. तंबोऱ्याचा आवाज मुळात बारीक, त्यामुळे त्याचा माइक खूप उचलावा लागतो आणि शिट्टी पहिली तिथेच येते. समोर हजार माणसं बसलीत, शिट्टी आली, तर घाबरलेला ऑपरेटर काय करतो? तंबोऱ्याचा फेडर, म्हणजे आवाज कमी-जास्त करायची सरकपट्टी, खाली घेतो. शिट्टी थांबते. लोकांना वाटतं, दुरुस्त झालं. पण गायकाच्या पायाखालची जमीन काढून घेतलेली असते. मुली छेडत होत्या आणि तुम्हाला ऐकू येत नव्हतं, ते माझ्या अंदाजाने यामुळेच. मीही नवा असताना हे केलंय. तेव्हा एक बुजुर्ग गायिका मध्यंतरात माझ्याजवळ आल्या आणि शांतपणे म्हणाल्या, "बाळ, मला एक वेळ कमी ऐकव, पण तंबोरा काढून घेऊ नकोस." आजही कार्यक्रमात हात तंबोऱ्याच्या फेडरकडे गेला की ते शब्द आठवतात.

मैदानावरच्या कार्यक्रमाचं आणखी एक आहे. मांडव, लाइट, पडदा, साउंड, सगळं मिळून एकाच ठेक्यात जातं. स्पीकर येतात ते आदल्या दिवशीच्या लग्नातून नाहीतर ऑर्केस्ट्रातून, आणि बास तसाच चढवलेला असतो. त्यात बाया सोडला की जे होतं ते तुमच्या पाठीने ऐकलंच आहे.

आणि चौथी रांग घेऊ नका. महागडी असते, पण तिथे स्टेजवरचे मॉनिटर आणि खाली ठेवलेले बासचे डबे जास्त ऐकू येतात, वर टांगलेले मुख्य स्पीकर डोक्यावरून जातात. फार मागेही नको. आवाज सेकंदाला साधारण ३४० मीटर जातो, म्हणजे ३५ मीटर मागे बसलेल्याला गायकाचे ओठ आधी हलताना दिसतात आणि स्वर मागून येतो. मिक्सर कुठे मांडलाय ते बघा आणि त्याच्या दोन-चार खुर्च्या पुढे बसा. साउंडवाला जे ऐकून जमवतो ते तुम्हाला मिळेल.

मागची रांग:

सगळं साउंडवर घालू नये असं मला वाटतं. हल्ली मोठे कलाकार तीन दिवसांत तीन शहरं करतात. रात्री गायचं, पहाटेचं विमान, दुपारी पुन्हा प्रवास. गळा थकलेला असतो, मग रागात खोल उतरण्यापेक्षा टाळ्या हमखास मिळतील ते गायलं जातं. अभंगाची फर्माईश आली ती स्वीकारायला कोणी जबरदस्ती केली नव्हती. आणि २५ वर्षांपूर्वीची आठवण मनात धरून ऐकायला गेलं तर समोरचं उणंच वाटणार. आठवणीतल्या गायकाला कधी खोकला येत नाही.

कृष्णाकाठ:

@मागची रांग, आठवणीचं तुम्ही म्हणता ते मी अण्णांना विचारलं. ते म्हणाले, आठवणीशी तुलना केलीच नाही. गळा थकलेला असता तर कळलं असतं, थकलेल्या गळ्याचं गाणंही त्यांनी ऐकलंय आणि त्यात त्यांना गोडी वाटते, कारण वय झालेला गायक जागा निवडून घेतो. इथे गळा ताजा होता, पण स्वर लागला की गायक क्षणभर थांबून बघायचे, बरोबर लागला का. असं थांबत थांबत विलंबित गाता येत नाही, म्हणून ते द्रुतकडे पळाले. हे सगळं अण्णांचं म्हणणं आहे, माझा एवढा अभ्यास नाही.

@फेडर, तुमचं उत्तर मी त्यांना मोठ्याने वाचून दाखवलं. गायिकेचं वाक्य दोनदा वाचायला लावलं.

गजरा:

मी तबल्याची साथ करतो. कोणी लिहिलं नाही म्हणून लिहितो, कारण अण्णांचा "सा शोधत होता" हा शब्द अगदी शब्दशः खरा असू शकतो.

डिसेंबरात उघड्या मैदानावर सात-साडेसातनंतर दव धरायला लागतं. चामडं ओल पितं आणि सैल पडतं, तबला उतरतो. तंबोऱ्याच्या तारा धातूच्या, त्या थंडीने आखडतात, म्हणजे तंबोरा चढतो. पेटीचे सूर पितळी पट्ट्यांचे, ते जवळजवळ तिथेच राहतात. आता विचार करा, साडेसातला पाच मिनिटांत घाईने जुळवलेली तिन्ही वाद्यं साडेआठला तीन वेगळ्या ठिकाणी पोचलेली असतात. गायकाने कोणाचा सा धरायचा? तंबोरा ऐकू येत नसेल तर तो पेटीचा धरतो, आणि मी मात्र दोन आवर्तनांमध्ये हातोडीने गजरा, म्हणजे तबल्याच्या काठाची वेणी, ठोकत तबला वर आणतोय. कडक दिव्यांखाली याच्या उलट होतं. दिव्याच्या उष्णतेने पुडी, म्हणजे तबल्याचं चामडं, सुकते आणि तबला चढतो, तारा ढिल्या होऊन तंबोरा उतरतो. एसीच्या सभागृहातल्या कोरड्या थंड हवेत दोन्ही चढतात, पण सारखे चढत नाहीत.

यावर उपाय आमच्या गुरुजींच्या काळापासून एकच आहे. वाद्यं गवसणीतून काढून, जिथे वाजवायची त्याच जागी, त्याच हवेत, त्याच दिव्यांखाली तास-दीड तास आधी उघडी ठेवायची. मग लावायची. मग पडदा उघडायच्या आधी पुन्हा लावायची. पण त्या वेळात स्टेजवर फुलवाले असतात आणि नंतर पाहुण्यांच्या खुर्च्या. एका कार्यक्रमात मला तबला खुर्चीखाली सरकवून ठेवावा लागला होता, वर सत्कारमूर्ती बसले होते. मनाला फार लागलं होतं तेव्हा.

निवेदनाबद्दलही सांगतो. तंबोरे जुळताना माइकवर बोलू नये. खर्जाच्या तारेतून आपोआप गंधार ऐकू यायला लागतो, तो कानाने पकडून जुळवायचं असतं, आणि तेव्हाच समोरून दहा हजार वॉटमधून कोणीतरी आमची पारितोषिकं वाचत असतं. परिचय पत्रिकेत छापा ना.

कानोकान:

मी श्रवणतज्ज्ञ आहे, तुमच्या दुसऱ्या अडचणीबद्दल लिहिते. अण्णांनी यंत्रं काढली यात त्यांचं काही चुकलं नाही, आणि यंत्र बिघडलंय असंही नाही.

कानाची यंत्रं बोलणं ऐकण्यासाठी बनवलेली असतात. बोलण्याचा आवाज सतत बदलतो, थांबतो, पुन्हा येतो. जो आवाज न बदलता सलग येत राहतो त्याला यंत्र पंखा किंवा रहदारी समजतं आणि दाबतं. तंबोरा हा यंत्राच्या हिशेबाने अगदी असाच आवाज आहे. दुसरं असं, की यंत्र स्वतःची शिट्टी होऊ नये म्हणून लांब, स्थिर स्वर शोधत असतं आणि सापडला की तो पुसायला जातं. म्हणजे गायकाने षड्ज (सा) धरून ठेवला की यंत्र त्यालाच शिट्टी समजणार. अशा वेळी लोक सांगतात की स्वर थरथरतोय, किंवा मागून आणखी एक किरटा सूर येतोय. अण्णांना विचारून बघा, घरी बासरी किंवा सनई ऐकताना असं होतं का. तिसरं म्हणजे मोठ्या स्पीकरचा आवाज यंत्राला झेपतो त्यापेक्षा जास्त असला की तो आतच फाटतो, नंतर कितीही बारीक केला तरी फाटलेलाच येतो.

बऱ्याच डिजिटल यंत्रांत गाण्यासाठी वेगळा प्रोग्रॅम ठेवता येतो. त्यात गोंगाट दाबणं बंद, शिट्टी पुसणं बंद किंवा अगदी कमी, आवाज सगळ्या बाजूंनी येऊ द्यायचा, आणि मोठा-लहान आवाज एकाच पातळीवर आणण्याची जी यंत्राची सवय असते ती सैल करायची. तुमच्या श्रवणतज्ज्ञाकडे जाताना अण्णांना घेऊन जा आणि मोबाइलवर नको, शक्य असेल तर पेटी घेऊन जा. तिथेच षड्ज धरून ठेवायचा आणि अण्णा सांगतील तसं जुळवत जायचं. बोलण्याची चाचणी करून गाण्याचा प्रोग्रॅम बसत नाही. एकदा पुरत नाही, दोन-तीन फेऱ्या होतील.

आणि मैफल छोटी निवडा. कमी आवाजात यंत्र उत्तम काम करतं.

कृष्णाकाठ:

@कानोकान, बासरीचं विचारलं. अण्णा एकदम माझ्याकडे बघायला लागले. म्हणाले, "थरथरतं. मला वाटलं माझा कानच गेला आता." दोन वर्षं हे त्यांनी कोणाला सांगितलं नव्हतं. मलाही नाही. तुमचे आभार कसे मानू.

बैठकीचा माणूस:

मी कार्यक्रम करणाऱ्यांच्या बाजूचा. आमच्या गावात छोटं मंडळ आहे, २२ वर्षं चाललंय, महिन्याला एक बैठक, शाळेच्या सभागृहात सतरंजीवर १३० माणसं.

तुम्ही जे वर्णन केलंय त्यातलं बरंच मी स्वतः केलेलं आहे. एका वर्षी मोठा कार्यक्रम घेतला, तिकिटांतून खर्चाचा निम्मा भागही निघत नव्हता, प्रायोजक धरले. प्रायोजक पैसे देतो तेव्हा त्याला स्टेजवर दहा मिनिटं हवी असतात, आणि तसं तो आधीच स्पष्ट सांगतो. असे सहा प्रायोजक. त्यात प्रमुख पाहुण्यांना यायला उशीर झाला आणि मी कलाकारांना ग्रीनरूममध्ये एक तास दहा मिनिटं बसवून ठेवलं. त्या बाई मारवा गाणार होत्या, तोही सूर्यास्ताच्या वेळचाच राग. त्या काही बोलल्या नाहीत. वेळ निघून गेल्यावर त्यांनी बिहाग गायला, चांगलाच गायल्या, लोक खूश होऊन गेले. पण निघताना त्यांनी मला विचारलं, "तुमच्या गावात सूर्यास्त बघायला कुठून जातात?" तेव्हा मला कळलं नाही. घरी जाऊन कळलं. त्यानंतर मी कधीही गाण्याच्या आधी सत्कार ठेवलेला नाही. प्रायोजकांना मध्यंतरात बोलावतो, पाच मिनिटं, सगळ्यांना एकत्र. दोन प्रायोजक सोडून गेले, बाकीचे राहिले.

दहाच्या नियमाबद्दल काही जण तक्रार करतात, मी करत नाही. २००० सालच्या ध्वनिप्रदूषण नियमांप्रमाणे रात्री १० ते सकाळी ६ उघड्यावर ध्वनिक्षेपक लावता येत नाही. सांस्कृतिक-धार्मिक प्रसंगांसाठी राज्य सरकार वर्षातून जास्तीत जास्त १५ दिवस ही मर्यादा रात्री १२ पर्यंत वाढवून देऊ शकतं. बंदिस्त सभागृहाला आतल्या आत लावायची मोकळीक आहे. मैदानाशेजारी राहणाऱ्या माणसालाही झोप लागते. मालकंस, दरबारी हे उत्तररात्रीकडचे राग मैदानावर ऐकायला मिळेनासे झाले, याचं दुःख मलाही आहे, आणि अण्णांच्या पिढीला ते किती असेल याची कल्पना करू शकतो. पण दहाला संपवायचं आहे हे आयोजकाला पहिल्या दिवसापासून माहीत असतं. साडेपाच ते साडेसात हे दोन तास नियमाने खाल्लेले नाहीत.

तुम्ही काय विचारायचं, तर फोन करून एवढंच विचारा: कलाकार स्टेजवर कधी बसणार? कार्यक्रमाची वेळ विचारू नका, ती पत्रिकेवर असतेच. बसण्याची वेळ विचारा. आणि साउंड चेक किती वाजता ठेवलाय. नीट काम करणाऱ्या मंडळाला ही दोन्ही उत्तरं तोंडपाठ असतात, आणि असं विचारणारा श्रोता आला की त्यांना आनंदच होतो. फोन उचलणारा म्हणाला "होईल की पाच-साडेपाचला", तर तिकडे नेऊ नका अण्णांना.

कोल्हापूरला देवल क्लबसारखी जुनी संस्था आहे, मुंबईत उपनगरांत म्युझिक सर्कल आहेत, गोव्यात तर गावोगावी देवळांच्या सभामंडपात बैठका होतात. छोट्या जागी अनोळखी, तरुण कलाकार असतो पुष्कळदा. त्याला घाबरू नका. त्याच्याकडे वेळ असतो.

फेडर:

@बैठकीचा माणूस, १३० माणसांना तुम्ही किती माइक लावता?

बैठकीचा माणूस:

गळ्याला एक आणि तंबोऱ्यांच्या मध्ये एक. तबल्याला लावत नाही. पहिल्या वर्षी लावला होता, मग श्रोत्यांनीच काढायला लावला.

कृष्णाकाठ:

सगळ्यांचे मनापासून आभार. मधल्या काळात काय झालं ते लिहिते.

श्रवणतज्ज्ञाकडे पेटी घेऊन गेलो. रिक्षातून, मांडीवर धरून. तिथल्या बाई आधी जरा चकित झाल्या, मग त्यांनी स्वतःच भाता मारला. अण्णांनी काळी एक धरायला सांगितली आणि डोळे मिटले. "अजून हलतोय. अजून. आता थांबला." असं चाळीस मिनिटं चाललं होतं. पुढच्या आठवड्यात पुन्हा बोलावलंय. मंद्रातले सूर त्यांना अजून पोकळ वाटतात.

बैठकीसाठी तीन ठिकाणी फोन केले. दोन ठिकाणी साउंड चेकचं विचारल्यावर "एक मिनिट हं" म्हणून फोन ठेवला गेला. तिसऱ्या ठिकाणी एका गृहस्थांनी उचलला. म्हणाले, सहाची बैठक आहे, कलाकार साडेचारला बसतात, सहाला पाच मिनिटं असताना दार बंद करतो, आणि तुम्ही कशासाठी विचारता? मी अण्णांचं सांगितलं. त्यांनी विचारलं, खाली बसता येतं का त्यांना? मी नाही म्हटलं, गुडघे. तर म्हणाले, भिंतीला लागून खुर्ची ठेवतो, तंबोऱ्यांच्या बाजूला. गायिका तिशीची आहे, मी नाव ऐकलेलं नव्हतं, अण्णांनीही नाही. फेब्रुवारीतला शनिवार आहे.

काल रात्री जेवताना अण्णांना सांगितलं. कोण गाणार, काय गाणार, काहीच विचारलं नाही त्यांनी. ताक संपवलं आणि म्हणाले, "साडेचारला बसतात म्हणालीस ना? मग त्यांना विचार, चारला आलो तर चालेल का. मी कोपऱ्यात गप्प बसेन. मला तंबोरे लागताना ऐकायचेत."

आज सकाळी विचारलं. ते म्हणाले, या.